‘दोनच मिनिटं’ म्हणणाऱ्यांना

इस्पितळाच्या दाराशी जमिनीवर व्हीलचेअरचं चिन्ह रंगवलेलं असतं आणि त्याच्यावर धडधाकट माणसाची मोटार उभी असते. वॉचमनने हटकलं तर ठरलेलं उत्तर येतं, ‘दोनच मिनिटं, आलोच.’ हे म्हणणारा शिकलेला, कमावता, चारचौघांत मान असलेला माणूस असतो. त्याला चोर म्हटलं तर संताप येईल. पण दुसऱ्याच्या हक्काची वस्तू त्याला न विचारता वापरण्याला चोरीच म्हणतात.

ही जागा ३.६ मीटर रुंद का ठेवतात, याचा आपण कधी विचार केला आहे? नेहमीच्या अडीच मीटरच्या जागेत शेजारी गाडी लागली की दार अर्धंच उघडतं. आपण अंग चोरून बाहेर पडतो. कमरेखाली ताकद नसलेल्या माणसाला ते जमत नाही. डिकीतून व्हीलचेअर काढायची, उलगडायची, ब्रेक लावून सीटला चिकटवायची, मग दोन्ही हातांवर भार घेऊन सरकायचं. त्यासाठी दार सताड उघडावंच लागतं. प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत ही जागा हवी असं नियम सांगतो, कारण कुबड्यांवर चालणाऱ्याला त्यापुढचं प्रत्येक पाऊल जड जातं.

आपल्याकडे तर अनेक दिव्यांग मोटारीतून येतच नाहीत, मागे दोन जादा चाकं बसवलेल्या स्कूटरवरून येतात. दाटीवाटीने लावलेल्या दुचाक्यांच्या रांगेत ती स्कूटर मावत नाही. जागा मिळालीच, तर पुढे रॅम्पच्या तोंडाशी कुणीतरी बाइक लावून गेलेला असतो. अशा वेळी काही जण तपासणी न करताच घरी परततात. त्यांची नोंद कुठेही होत नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला. पहिल्या भंगाला दहा हजार रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक भंगाला पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड त्यात आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सरकारला सांगावं लागलं की सुगमतेचे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, सक्तीचे करा. एवढं होऊनही पट्टे पुसट होतात आणि आपण ते आणखी पुसतो.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. त्यांच्यासाठी आपण ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, कार्यक्रम करतो, व्हीलचेअर वाटपाचे फोटो काढतो. वाटलेली खुर्ची गाडीतून उतरवायला जागा मात्र सोडत नाही. दान देताना उदार असणारा हा समाज हक्क देताना कंजूष होतो, आणि त्याची त्याला लाजही वाटत नाही.

आणखी एक. त्या जागेवर उतरलेला माणूस चालताना दिसला म्हणून त्याला सोंगाड्या ठरवू नका. कायद्याने मानलेल्या २१ प्रकारांत स्नायूंचे, मज्जासंस्थेचे असे आजार आहेत, जे लांबून दिसत नाहीत.

तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय लेखी मांडा. फाटकाजवळची रुंद जागा राखून घ्या, पट्टे मारून घ्या, आणि तिथे अध्यक्षांची गाडी दिसली तर तीही काढायला लावा.