पाळीच्या असह्य दुखण्याचे निदान वेळेत होण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग,
मंत्रालय, मुंबई.

विषय : अविवाहित तरुणींच्या ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याची तपासणी व पाठपुरावा.

महोदय,

आम्ही गावाकडून शहरात शिकायला आलेल्या, वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थिनी. आमच्यापैकी काहींना पाळीत उलट्या होतात, शौचाला बसले तरी कळा येतात; काहींचे दुखणे पाळी संपली तरी थांबत नाही. सोनोग्राफी 'नॉर्मल' आली की केसपेपरवर वेदनाशामक गोळी लिहिली जाते आणि तोंडी सांगितले जाते, "लग्न झालं की थांबेल." हा सल्ला घरी आत्या-मावशीही देतात, त्यासाठी ओपीडीच्या रांगेत उभे राहायला नको.

अशा दुखण्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रिया व मुलींना तो असतो. अंडाशयात गाठ झाली तर ती सोनोग्राफीत दिसते. पोटाच्या अस्तरावरचे बारीक ठिपके बहुधा दिसत नाहीत. म्हणून २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना लक्षणांवरून उपचार सुरू करण्याची मुभा देतात. आम्हा सगळ्यांना हाच आजार आहे, असा दावा नाही. कोणाला जननमार्गाचा क्षयरोग असेल, कोणाला आतड्याचा विकार. पण कारण सापडले नाही तर केसपेपरवर 'निदान प्रलंबित' असे लिहून पुढची तारीख द्यावी, ही आमची मुख्य मागणी आहे. आज दर वेळी नवा केसपेपर निघतो, नवे डॉक्टर भेटतात आणि सगळे पहिल्यापासून सांगावे लागते.

'लग्न झालंय का?' हे योनीमार्गातून तपासणी करायची की नाही हे ठरवण्यासाठी विचारतात, हे आम्हाला कळते. मात्र 'नाही' म्हणताच तपासणीच आटोपते. सज्ञान मुलीला तिची स्वतःची संमती विचारावी. ती नको म्हणाली तर गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय सांगावेत. हे जिल्हा रुग्णालयांना लेखी कळवावे. आईला बोलावून आणा, असे एकवीस वर्षांच्या मुलीला सांगू नये.

गोळ्यांचेही तेच. मेफेनॅमिक अॅसिड या वेदनाशामकाच्या गंभीर अॅलर्जीबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ मध्ये इशारा दिला. तरी महिनोन्महिने हीच गोळी घेणाऱ्या मुलींना कोणी काही विचारत नाही. दुसरे टोक बीडमध्ये दिसले : ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये शासनालाच समिती नेमून चौकशी करावी लागली. नीट निदान न होता गर्भाशय काढण्यापर्यंत वेळ येऊ नये, म्हणून तरुण वयातच तपासणी हवी. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखालील केंद्रांत अशा मुलींची नोंद व्हावी आणि तिथून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळावी.

शेवटची अडचण कागदाची. हजेरीत सवलत हवी तर महाविद्यालय आजाराचे नाव असलेला दाखला मागते, आणि नाव नसलेल्या आजाराचा दाखला डॉक्टर देत नाहीत. लक्षणांवर आधारित दाखला ग्राह्य धरावा, असे आपण उच्च शिक्षण विभागाला कळवावे. केरळने २०२३ मध्ये विद्यार्थिनींना पाळीसाठी हजेरीत २ टक्के सवलत दिली. तिथे हे जमले.

या मागण्यांवर काय कार्यवाही झाली, ते लेखी कळावे, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
वसतिगृहवासी विद्यार्थिनी

प्रत माहितीसाठी : मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण विभाग, मुंबई.