तवंगाची जेली

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजे धडकली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले, कांदळवने काळवंडली. अशा वेळी फवारली जाणारी रसायने तेलाचे बारीक थेंब करतात. तवंग दिसेनासा होतो, तेल पाण्यातच राहते. ही सफाई कसली? जेल बनवणारे रेणू मात्र तेलात एकमेकांना धरून तंतूंचे जाळे विणतात. तेल थिजते, पाणी तसेच राहते. थिजलेला गोळा उचलायचा, त्यातून तेल परत मिळवायचे. तिरुवनंतपुरमच्या 'आयसर'मध्ये शर्करेपासून असे रेणू तयार झाले आहेत. प्रयोगशाळेतल्या भांड्यात हे जमते. उसळत्या लाटांत, दाट इंधनतेलावर जमते का, हे बंदरांनी स्वतः खर्च करून आत्ताच तपासावे. तेल कांदळवनाच्या चिखलात शिरल्यावर जेल टाकणार कशावर?