पोपटाला स्थळ पाहणे आहे

घरात एक पोपट असेल तर दुसरा आणू नये, असं माझं ठाम मत आहे. माझी ठाम मतं मोजून तीन. आमटीत गूळ जास्त पडू नये, कुणाला जामीन राहू नये आणि दुसरा पोपट आणू नये. पैकी पहिल्या मताला आमच्या घरात कोणी विचारत नाही. दुसरं बँकेतल्या पंचवीस वर्षांच्या कारकुनीची कमाई आहे. तिसरं गेल्या तीन महिन्यांत सास्तूर मुक्कामी तयार झालं आणि त्यापायी मी सध्या घरमालकांच्या ओसरीवर थोडा अप्रिय आहे.

आता सास्तूर कुठे, म्हणून विचाराल. धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका. किल्लारी ठाऊक असेल तर तिथून हाकेच्या अंतरावर. माझी बदली इथल्या शाखेत झाली तेव्हा आम्ही जे घर भाड्यानं घेतलं, त्याच्या ओसरीवर एक पोपट आधीच राहत होता. तो मालकीणबाईंचा. त्यांना सगळे मावशी म्हणतात, म्हणून आम्हीही मावशी म्हणतो, आणि त्यांच्या यजमानांना मामा म्हणतो. नात्याचा हा ताळेबंद जुळत नाही, पण गावात तो कोणी तपासत नाही. पोपटाचं नाव राघू. वय वर्षं अकरा. शिक्षण, 'विठ्ठल विठ्ठल' आणि 'कोण हाय?' एवढंच. व्यवसाय काही नाही.

तर हा राघू गेल्या उन्हाळ्यापासून स्वतःच्या छातीची पिसं उपटायला लागला. छातीवर रुपयाएवढी जागा उघडी पडली, पुढे ती पुरीएवढी झाली. गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, "म्हैस असती तर सांगितलं असतं." मग मावशींनीच निदान केलं. "आवं सायेब, करमंना झालंय त्याला. एकलंच हाय लेकरू. जोडी आणावं म्हन्ते मी."

मी साहेब नाही, कारकून आहे. पण खेड्यात काउंटरच्या आतल्या बाजूला बसणारा प्रत्येक माणूस साहेब असतो आणि त्याला कर्जापासून काविळीपर्यंत सगळ्यातलं कळतं, असा समज आहे. मला पोपटातलं काही कळत नव्हतं. बी.कॉम.ला पोपट नव्हता. पण मी वाचलं, चार जाणत्यांना विचारलं, आणि जसजसा वाचत गेलो तसतसं माझं मत कडक होत गेलं.

पहिली गोष्ट, हे 'जोडी आणा' प्रकरण मुळात पोपटाचं नाहीच. आपल्या समाजाला एकटं कोणी बघवत नाही. पोरगा कामधंदा करत नाही, दिवसभर पारावर बसतो, करून टाका लग्न, येईल ताळ्यावर. पहिलं पोर हट्टी निघालं, होऊ द्या दुसरं, सोबत होईल. हे औषध माणसांवर शेकडो वर्षं चाललं आहे आणि त्याचा गुण किती आला ते पारावर जाऊन पाहावं. तिथे आता बाप बसतो आणि पोरगाही बसतो.

आमच्या बँकेत याला 'नवे-जुने' म्हणतात. पीककर्ज थकलं की नवं कर्ज मंजूर करायचं, त्यातून जुनं भरून घ्यायचं. कागदोपत्री जुनं फिटतं. शेतकऱ्याच्या हाती काय येतं, तर अंगठ्याला लागलेली शाई. दुसरा पोपट म्हणजे पहिल्या पोपटाचं नवे-जुने आहे. पहिला एकटा पडला तो पिंजऱ्यामुळे. आता त्याच पिंजऱ्याच्या खात्यात आणखी एक पाखरू नावे टाकायचं आणि म्हणायचं, एकटेपणा फिटला!

बरं, जोडी आणायची म्हणजे काय आणायचं, याचाही कोणाला पत्ता नाही. मावशींचं म्हणणं, राघूला मैना आणायची. आमच्या सौ.नीही मान डोलावली. राघू-मैना हे आपल्या गाण्या-गोष्टींतलं इतकं गाजलेलं जोडपं आहे, की मैना म्हणजे पोपटाची बायको असं निम्मा महाराष्ट्र समजून चालतो. प्रत्यक्षात मैना हा साळुंकीच्या गोतातला निराळाच पक्षी. पोपटाची बायको पोपटच असते. त्या दोघांची सोयरीक म्हणजे गाईला घोडा पाहण्यापैकी आहे.

ठीक, पोपटीण आणू. ओळखायची कशी? नराच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी असते, मादीला तशी नसते. पण ही कंठी नरालाही साधारण तिसऱ्या वर्षी फुटते. विकणारे विकतात ती पिल्लं. म्हणजे स्थळ पाहून, पसंत करून, घरी आणून तीन वर्षं गेल्यावर कळणार की आणली ती वधू नसून दुसरा वरच आहे. आणि वधू निघाली तरी निभाव लागेल याची हमी नाही. या जातीत मादी वरचढ असते, नवऱ्याला चोचीखाली ठेवते. नवं पाखरू रोग घेऊन येऊ शकतं, म्हणून जाणकार सांगतात की महिनाभर तरी ते वेगळ्या जागी ठेवावं आणि मगच शेजारी पिंजरा ठेवून ओळख करून द्यावी. लग्न ठरवून दोघांना एकत्र कोंडलं की संसार सुरू, असं इथे होत नाही. दुसऱ्या दिवशी चोचाचोची.

आमच्या कन्येचा मुद्दा निराळा. दोघं मिळून जास्त बोलतील, म्हणे. पोपट बोलतो कशासाठी? तो थव्यात राहणारा जीव. थव्याचा आवाज उचलणं हा त्याचा स्वभाव. थवा मिळाला नाही की आपल्यालाच थवा समजतो आणि आपले आवाज काढतो. अमेरिकेत ॲलेक्स नावाचा आफ्रिकन पोपट होता. १९७७ साली आयरीन पेपरबर्ग या बाईंनी तो दुकानातून घेतला आणि तीस वर्षं त्याचा अभ्यास केला. रंग ओळखायचा, आकार ओळखायचा, सहापर्यंत मोजायचा. २००७ साली तो गेला तेव्हा वर्तमानपत्रांनी बातमी दिली. इतकी अक्कल असलेल्या जीवाला आपण अकरा वर्षांत दीड वाक्य शिकवलं आणि वर पोपटपंची हा शब्द शिवीसारखा वापरतो. तर दोन पोपट आणले की ते एकमेकांशी त्यांच्या भाषेत बोलतील आणि आपली भाषा सोडून देतील, हीच शक्यता अधिक. मुंबईच्या ऑफिसात एकटा लातूरकर असेपर्यंत अगदी छापील बोलतो. दुसरा लातूरकर भेटू दे, की पाहा.

आता कायद्याकडे येतो. इथपर्यंत मावशी हसत होत्या. १९७२चा वन्यजीव (संरक्षण) कायदा आहे. आपल्या पेरूवर बसतो तो हिरवा पोपट या कायद्याखाली येतो. तो पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं, सगळं गुन्हा. देशी पक्ष्यांच्या व्यापाराला १९९०-९१ पासून बंदी आहे. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि तीत आपला पोपट दुसऱ्या अनुसूचीत बसला आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आठ-आण्याच्या मिरचीवर जगणाऱ्या पाखरासाठी लाखाचा दंड! एवढं कर्ज आमची शाखा विनातारण देत नाही.

"मग परदेशी घेऊ," हे सौ.चं. त्यासाठी केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२४मध्ये नियम काढले आहेत. ॲलेक्सच्या जातीचा पोपट पाळायचा तर 'परिवेश' नावाच्या पोर्टलवर त्याची नोंद करायची. पिल्लू झालं कळवा, मेलं कळवा, दुसऱ्याला दिलं कळवा. म्हणजे पोपटाचं केवायसी. मी दिवसभर माणसांचं केवायसी करतो. आधारवर 'बाई' आणि पासबुकावर 'बाय' असल्यामुळे परत पाठवलेल्या म्हाताऱ्यांचे तळतळाट घेऊन संध्याकाळी घरी येतो. घरी आल्यावर पोपटाचे कागद करण्याची माझी तयारी नाही.

शिवाय मुदत पाहा. हा पक्षी पिंजऱ्यात पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. मावशी अडुसष्टच्या, मामा त्र्याहत्तरचे, दोन्ही मुलगे पुण्याला दोन खोल्यांत. त्या वयात तीस वर्षांचं गृहकर्ज मागायला कोणी आलं तर आम्ही चहा पाजून परत पाठवू. मी विचारलं, "मावशी, वारस म्हणून कोणाचं नाव लावायचं?" यावर त्यांनी आमच्या कन्येकडे पाहिलं. मी विषय बदलला.

पण या सगळ्यापेक्षा मला जे खरं खटकतं ते वेगळं आहे. बाजारात गुपचूप मिळणारा पोपट येतो कुठून? अंड्यातून पिंजऱ्यात उतरलेला नसतो तो. हिवाळा सरता सरता जुन्या झाडांच्या ढोलीत पोपटांची वीण सुरू होते. कोणीतरी झाडावर चढतो, ढोलीत हात घालतो, डोळेही नीट न उघडलेली पिल्लं पिशवीत भरतो. पुढे पंख कापले जातात. पिशवीतली सगळी पिल्लं पिंजऱ्यापर्यंत पोचत नाहीत. आपल्या राघूची सोबत म्हणून जे एक पाखरू आपण आणतो, त्याच्या पावतीवर ही वजावट दाखवलेली नसते. दाखवली असती तर हिशेब कोणाच्याही ध्यानात आला असता.

शेतकरी म्हणतील, साहेब, तुम्हाला पोपटाचा पुळका, आमच्या ज्वारीचं काय? बरोबर आहे. हुरड्याच्या दिवसांत थवा उतरला की कणसाचं वाटोळं करतो, खातो त्याहून जास्त पाडतो. शेतकऱ्यानं गोफण घ्यावी, डबा वाजवावा, मी त्याच्या बाजूनं आहे. पण हे भांडण बरोबरीचं आहे. एक पेरतो, एक चोरतो, दोघेही मोकळे. संध्याकाळी माकणीच्या धरणाकडून थवे येतात, ओरडत ओरडत गावावरून जातात, आणि ओसरीवरचा राघू दांडीवर सरकत सरकत पार टोकाला जाऊन तोच आवाज काढतो. तो 'विठ्ठल' नसतो आणि 'कोण हाय'ही नसतो. अकरा वर्षांत तो त्याला कोणी शिकवलेला नाही.

या वादात मामा बोलत नव्हते. मामा मुळातच कमी बोलतात. तीस सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बुडवून गाव निजलेलं असताना, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जे झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. सगळं अंगावर आलं. मामा ढिगाऱ्याखालून दुपारी निघाले. आजचं हे गाव सरळ रस्त्यांचं, आखीव चौकांचं आहे, घरावर स्लॅब आहे, पण मामा त्या स्लॅबखाली झोपत नाहीत. पाऊस नसेल तर अंगणात बाज, पाऊस असेल तर ओसरीच्या कडेला, म्हणजे राघूच्या शेजारी. तिसऱ्या बैठकीला मावशी जोडीचं पुन्हा सांगायला लागल्या तेव्हा मामा बाजेवरूनच म्हणाले, "मी आत व्हतो तवा कुनी सोबतीला दुसरं मानूस आत घातलं न्हवतं. वरचे धोंडे काढले."

ओसरीवर कोणी काही बोललं नाही. आमची कन्या आत गेली.

मग लगेच दार उघडून राघूला उडवून द्यायचं का? अजिबात नाही. हाही एक भाबडा पुण्याचा प्रकार आहे. अकरा वर्षं दांडीवर बसलेल्या पाखराच्या पंखांत ताकद नसते, दाणा शोधता येत नाही, ससाण्याची भीती ठाऊक नसते. सोडलं की संध्याकाळपर्यंत मांजराच्या पोटात. वनविभागाला कळवावं, ते तपासतात, ज्याला परत उडता येईल त्याला तयार करून सोडायचं बघतात. त्यांचा फोन १९२६. आणि तोवर तरी चहात बुडवलेलं बिस्किट बंद करा, भाजी द्या, फळं द्या. नुसत्या मिरचीचं कौतुक करू नका. पाखरांना मिरचीचा तिखटपणा लागतच नाही, त्यामुळे त्यात त्याचा पराक्रमही नाही आणि पोषणही पुरेसं नाही.

मावशींनी १९२६ हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून घेतला आहे. फोन अजून केलेला नाही. "आखाडी झाली की बगू," म्हणतात. आखाडी होऊन गेली. "पंचमी होऊ द्या," म्हणतात. मी थकबाकीदारांची ही भाषा रोज ऐकतो, त्यामुळे मला राग येत नाही. अकरा वर्षं ज्याला रोज पहाटे पहिला 'विठ्ठल' म्हटला, ते पाखरू गाडीत बसवून द्यायला त्या बाईला किती जड जाईल हेही मला दिसतं. मी फक्त दर रविवारी कॅलेंडरकडे बोट करतो. मामाही करतात.

दुसरं पाखरू मात्र आलं नाही. वेल्डिंगवाल्याकडे त्याचा पिंजरा आधीच सांगून झाला होता, तो तयार होऊन आला, आणि आगाऊ दिलेले सातशे रुपये काही तो परत करेना. पिंजरा मोठा आहे, हवेशीर आहे. मावशींनी त्यात कांदे ठेवले आहेत.