शिकागोतील जुना वाद, जर्मन वंशाचा गव्हर्नर

राज्याची मागणी नसताना केंद्राने सैनिक धाडावेत काय, या प्रश्नावरून ऑक्टोबर २०२५ मध्ये शिकागोत वादंग माजले. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी नॅशनल गार्डचे जवान तैनात करण्याचा आदेश दिला. गव्हर्नर जे. बी. प्रित्झकर यांच्या इलिनॉय राज्याने न्यायालयात धाव घेऊन त्यास स्थगिती मिळविली. हाच प्रश्न १८९४ मध्ये याच शहरात उपस्थित झाला होता. तो विचारणारा लोकनियुक्त गव्हर्नर जन्माने जर्मन होता.

जॉन पीटर आल्टगेल्ड यांचा जन्म १८४७ मध्ये नासाऊ संस्थानात झाला. तान्हे असतानाच ते आईवडिलांसोबत अमेरिकेत आले. ओहायोत ते वाढले, सोळाव्या वर्षी यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले आणि पुढे मिसुरीतील एका काउंटीचे सरकारी वकील बनले. शिकागोत वकिली व न्यायाधीशपद भूषवून १८९२ मध्ये ते गव्हर्नरपदी निवडून आले. परदेशात जन्मलेले इलिनॉयचे ते पहिले गव्हर्नर.

कामगार दिनाची मुळे ज्या आठ तासांच्या लढ्यात आहेत, त्या लढ्यात मे १८८६ मध्ये हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला. या खटल्यातील चौघांना १८८७ मध्ये फाशी झाली; त्यांपैकी तिघे जर्मनीत जन्मलेले होते. तुरुंगात उरलेल्या तिघांना आल्टगेल्ड यांनी २६ जून १८९३ रोजी मुक्त केले. दया म्हणून नव्हे, तर ज्यूरीची निवड पक्षपाती होती आणि पुरावा अपुरा होता, असे कारण देऊन. वृत्तपत्रांनी त्यांना अराजकवादी ठरविले. परकीय जन्माचाही उद्धार झाला.

पुढल्याच वर्षी पुलमन संप चिघळला. अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी टपाल व रेल्वे वाहतुकीचे कारण देत शिकागोत सैन्य उतरविले. राज्याने मदत मागितलेली नाही, असे आल्टगेल्ड यांनी ठणकावले. क्लीव्हलँड हे त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, हे विशेष. १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची बाजू उचलून धरली; १८९६ मध्ये आल्टगेल्ड पराभूत झाले.

दोन्ही प्रसंगांतील कायदेशीर मुद्दे वेगळे आहेत. तरीही डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिकागोतील तैनातीवरील स्थगिती उठविण्यास नकार दिला, तेव्हा केंद्राच्या अधिकारालाही मर्यादा असते हे अधोरेखित झाले. प्रित्झकर यांचा विरोध प्रतिपक्षाच्या अध्यक्षाला होता. आल्टगेल्ड यांनी स्वपक्षाच्या अध्यक्षाला विरोध केला आणि त्याची किंमत स्वतः मोजली.