लेक्चरच नाही, तरी डॉक्टर होणार? ‘फ्लिप्ड क्लासरूम’ची गोष्ट

अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजने २०१६मध्ये जाहीर केलं की, आम्ही लेक्चर्स टप्प्याटप्प्याने बंद करणार. मग शिकवणार कसं?

तर विद्यार्थ्यांनी व्हिडिओ आधीच पाहायचा, वाचून यायचं. वर्गात थेट केस. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या पेशंटचा ईसीजी समोर ठेवायचा आणि पाच-सहा जणांच्या गटाने ठरवायचं, हा हार्ट अटॅक आहे की दुसरं काही? उत्तर चुकलं तर शिक्षक तिथेच हजर.

याने फरक पडतो का? पडतो, पण जादू होत नाही. आरोग्यशिक्षणातल्या २८ तुलनात्मक अभ्यासांचा आढावा २०१८मध्ये ‘बीएमसी मेडिकल एज्युकेशन’मध्ये आला. या पद्धतीने शिकलेल्यांची कामगिरी सरस होती, पण फरक बेताचाच. गंमत म्हणजे तास सुरू होताच छोटी क्विझ घेतली, तिथे फायदा जास्त दिसला. क्विझ असली की लोक वाचून येतात, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहेच. शिवाय वाचलेलं आठवून लिहिताना ते डोक्यात पक्कं होतं.

मग विद्यार्थी कुरकुर का करतात? हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या विद्यार्थ्यांवरचा २०१९चा अभ्यास इथे कामाला येतो. स्वतः गणितं सोडवणाऱ्यांना वाटलं, आपण कमी शिकलो. टेस्टमध्ये मात्र त्यांनाच जास्त गुण होते. छान लेक्चर ऐकलं की ‘समजलं’ असं वाटतं, एवढंच.

आता आपल्याकडे बघा. २०१९पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात स्वयंअध्ययनासाठी वेगळे तास आहेत. पण एका बॅचमध्ये २५० पर्यंत मुलं असू शकतात. त्यांचे गट पाडायचे तर तेवढे शिक्षक हवेत. त्यात थिअरीला ७५ टक्के हजेरी सक्तीची. म्हणजे दिवसभर कॉलेज, मग जर्नल, आणि त्यावर रात्री व्हिडिओ. खरी गोची इथे आहे. व्हिडिओ लेक्चरच्या जागी यायला हवा, तो लेक्चरच्या वर आणखी एक ओझं म्हणून येतो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना तर व्हिडिओ थांबवून, मागे घेऊन पाहण्याचा सगळ्यात जास्त उपयोग होऊ शकतो. लेक्चरमध्ये इंग्रजी शब्द कळेपर्यंत सर पुढच्या स्लाइडवर गेलेले असतात. मात्र थांबत-थांबत पाहायचं तर वीस मिनिटांच्या व्हिडिओला सहज तासभर लागतो, आणि तो तास टाइमटेबलमध्ये कुठेच नसतो.