खेळाच्या तासाला वर्गात कोण बसतं?

खेळाच्या तासाची घंटा झाली की वर्ग ओस पडतो. तरी एक मूल बाकावर बसून राहतं. त्याच्या पायाला कॅलिपर असतो, किंवा त्याला नीट दिसत नसतं, किंवा त्याचे हात त्याच्या मनासारखे वळत नसतात. बाई जाता जाता सांगतात, "तू दप्तरांकडे लक्ष ठेव हं." त्या मायेनेच सांगतात. त्याला कुणाचा धक्का लागू नये, ते पडू नये, एवढाच त्यांचा हेतू असतो. पण पहिलीपासून दहावीपर्यंत ही माया चालू राहते आणि ते मूल एकदाही मैदानात न उतरता शाळेतून बाहेर पडतं. त्याच्या प्रगतिपुस्तकात शारीरिक शिक्षणाची श्रेणी मात्र भरलेली असते.

या सदरात खेळाबद्दल लिहिताना पदकांचे विषय आपोआप पुढे येतात. आज मुद्दाम पदकाच्या आधीच्या गोष्टीबद्दल लिहितो आहे.

2024 च्या सप्टेंबरात पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवलं. भारताची त्या स्पर्धेतली एकूण पदकं 29 झाली, त्यांत सात सुवर्ण. 2016 साली रिओमध्ये हाच आकडा चार होता. झेप मोठी आहे आणि तिचा आनंद मलाही झाला. खिलारी ज्या सांगली जिल्ह्यातले, त्याच जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली जर्मनीत हायडलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलचं अंतर 37.33 सेकंदांत कापून भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक दिलं होतं. त्यांना पद्मश्री मिळायला 2018 साल उजाडलं. आता त्यांच्यावर चित्रपटही आला, त्यामुळे त्यांची जिद्द घरोघरी माहीत झाली आहे.

जिद्दीबद्दल शंकाच नाही. मला मात्र पेटकर पाण्यापर्यंत पोहोचले कसे, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. ते लष्करात होते, मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. लष्करी रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगितलं गेलं. तिथे तरणतलाव होता, पाण्यात उतरवणारी माणसं होती, आणि या माणसाने पोहलं पाहिजे असं मानणारे डॉक्टर होते. त्याच जिल्ह्यातला एखादा शेतमजूर त्या काळात झाडावरून पडला असता, त्याच्याही मणक्याला तशीच इजा झाली असती, तर तो रुग्णालयातून घरी आला असता आणि ओसरीवरच्या खाटेवर पडून राहिला असता. आजही बहुतेक ठिकाणी तो खाटेवरच राहतो. विहिरीच्या कामावर, बांधकामाच्या परांचीवर, दुचाकीच्या अपघातात मणका मोडलेले तरुण आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्यात जिद्द कमी आहे असं म्हणायची माझी तयारी नाही.

पॅरालिम्पिकचं मूळ इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात आहे. लुडविग गुटमन हे ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ 1939 साली नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आले. 1944 साली स्टोक मँडेव्हिल इथे मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी त्यांनी विभाग सुरू केला. तोवर अशा रुग्णांना फारसं कुणी हातच लावत नसे. अंगाला जखमा होऊन, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होऊन ते मरणार, असं गृहीत धरलेलं असे. गुटमननी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायला लावली. जखमा थांबल्या, माणसं जगू लागली. मग प्रश्न आला की जगून करायचं काय? त्यांनी खेळ आणले. धनुर्विद्येसाठी पाठ ताठ धरावी लागते, खांदे कमवावे लागतात, बसल्या जागी तोल सांभाळावा लागतो. लुळ्या पायांच्या माणसाला खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून कामावर जायला नेमकं हेच लागतं. 29 जुलै 1948 रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या आवारात 16 जखमी सैनिक, पुरुष आणि स्त्रिया, धनुष्यबाण घेऊन स्पर्धेला बसले. तिथून 1960 च्या रोमपर्यंत आणि पुढे पॅरिसपर्यंतचा प्रवास झाला. रुग्णाचा दिवस भरावा, अंगात बळ यावं, चार माणसांत मिसळता यावं, यासाठी खेळ आला. पदक त्याच्या मागून आलं. पुण्यात खडकीला 1974 पासून असलेल्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्येही जखमी सैनिकांच्या दिनक्रमात खेळाला जागा आहे. लष्कराला जे उमगलं ते आपल्या नागरी रुग्णालयांना, शाळांना आणि नगरपालिकांना अजून उमगलेलं नाही.

खेळायला काय लागतं? बहुतेकदा एखादा नियम बदलावा लागतो. व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे चालतात, बाकीचा खेळ तोच. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात, तो हाताखालून टाकतात, फलंदाज आवाजावर खेळतो. अकरा जणांत किमान चार पूर्ण अंध असावे लागतात आणि त्यांनी काढलेली धाव दुप्पट मोजतात. या दुपटीमुळे पूर्ण अंध खेळाडू संघात जागा भरायला राहत नाही, संघाची गरज बनतो. 2025 च्या नोव्हेंबरात कोलंबोत आपल्या अंध मुलींनी नेपाळला हरवून अंध महिलांचा पहिला टी-20 विश्वचषक जिंकला तो याच नियमांनी. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला त्याच्या हालचालीच्या क्षमतेनुसार 1 ते 4.5 गुण असतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज 14 च्या वर जाऊ द्यायची नसते. म्हणजे ज्याचं धड फारसं हलत नाही असा कमी गुणांचा खेळाडूही संघाला लागतोच. शाळेच्या मैदानावर कुणाला तरी बाजूला बसवल्याशिवाय खेळ रंगत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नियम एकदा समजून घ्यावेत.

त्यातही मला बोच्चाबद्दल थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण आपल्या शाळांना हा खेळ आजपासून परवडेल. पांढरा चेंडू पुढे टाकायचा. मग एकाने सहा लाल आणि दुसऱ्याने सहा निळे चेंडू त्याच्या जवळात जवळ न्यायचे. गोट्या खेळलेल्या कुणालाही तो पाच मिनिटांत कळतो. हा खेळ सेरेब्रल पाल्सी आणि तसेच गंभीर स्नायूविकार असलेल्यांसाठी आहे. हाताने टाकता येत नसेल तर पायाने ढकला. तेही जमत नसेल तर उतरती पन्हळ वापरा आणि डोक्याला बांधलेल्या काठीने चेंडू सोडा. पन्हळ सरकवणारा मदतनीस मैदानाकडे पाठ करून बसतो, डाव त्याला पाहायचा नसतो. पन्हळ कुठे वळवायची, चेंडू किती वरून सोडायचा, हे सगळं खेळाडूच ठरवतो. ज्या मुलाला आयुष्यभर दुसऱ्यांनी भरवलं, उचललं, नेसवलं, त्याच्या सांगण्यावरून दुसरा माणूस हलतो आणि डाव त्याचा असतो. या खेळाला साडेबारा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद सपाट जागा लागते. बॅडमिंटनचं कोर्ट याहून थोडं मोठंच असतं. तालुक्याच्या ज्या सभागृहात बॅडमिंटन चालतं तिथे बोच्चा होऊ शकतो. सरावाला रबरी चेंडू आणि प्लंबरकडचा उभा चिरलेला पाइप पुरे.

सार्वजनिक तरणतलावांची गोष्ट याहून अवघड आहे. पाण्यात शरीराचं वजन हलकं होतं, म्हणून पोहणं अशा अनेकांना मानवतं. पण तलावात उतरायला उभी लोखंडी शिडी, कपडे बदलायच्या खोलीला उंबरा, व्हीलचेअर शिरेल असं शौचालय नाही. मुलींसाठी तर इथेच विषय संपतो. माझ्या ओळखीतल्या एका आईला अशाच एका तलावावर सांगण्यात आलं की मुलाला आणू नका, बाकीचे लोक तक्रार करतात. ती काही न बोलता परत आली. तिला कायदा ठाऊक असता तर बोलली असती.

कायदा आहे, आणि चांगला आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 30 खेळांबद्दल आहे: खेळाच्या सोयी दिव्यांगांना वापरता येतील अशा करून घेणं, त्यासाठी पैसा ठेवणं ही सरकारची जबाबदारी आहे. त्याआधीचं कलम 29 फार कुणी वाचत नाही. त्यात मनोरंजनाचा हक्क सांगताना मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रम हे शब्द स्पष्ट आले आहेत. म्हणजे रानात तंबू ठोकून राहणं, डोंगर चढणं, यांत दिव्यांग माणसाला सहभागी होता यावं, असं देशाचा कायदा म्हणतो. 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात बजावलं की सुगम्यतेची किमान मानकं सक्तीचीच असली पाहिजेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत.

मग आपल्या गडांकडे बघू. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपले बारा किल्ले गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेनुसार 29 लाखांहून अधिक दिव्यांग आहेत. शिवाजी महाराजांचा गड पाहण्याची ओढ त्यांना इतरांइतकीच आहे. रायगडला रज्जुमार्ग आहे, त्यामुळे वर पोहोचता तरी येतं. प्रत्येक गडाला रज्जुमार्ग लावा असं मी म्हणणार नाही. राजगडाची चढण राजगडाचीच राहिली पाहिजे. पण पन्हाळ्याचं काय? पन्हाळ्यावर गाव वसलेलं आहे, गाड्या थेट आत जातात. अंबारखान्यापर्यंत, तीन दरवाजापर्यंत चाकाची खुर्ची विनासायास जाईल अशी वाट करायला तटाचा एक दगडही हलवावा लागणार नाही. कुठे उतार आहे, कुठे पायऱ्या आहेत, शौचालय कुठे आहे, हे सांगणारा फलक लावला तरी घरून निघताना माणसाला ठरवता येईल. अंध माणसासाठी तटबंदीची हाताने चाचपून पाहता येईल अशी प्रतिकृती ठेवता येईल. सिंधुदुर्गाला पाण्यातून जावं लागतं, पण अडचण पाण्याची नाही, मालवणच्या धक्क्यावरून हलत्या होडीत पाऊल टाकण्याची आहे. धक्का आणि होडी यांमध्ये एक रुंद, कठड्याची फळी टाकली तर ती निम्मी सुटेल.

जिथे वाट खडकाळ आहे तिथेही उपाय निघतात. फ्रान्समध्ये 1987 साली जोएल क्लोदेल या डोंगरवाटाड्याने नात्यातल्या स्नायूविकार असलेल्या मुलाला डोंगरात नेण्यासाठी एका चाकाची खुर्ची बनवली. तिला पुढे-मागे दांडे असतात, दोघे जण ती अरुंद पायवाटेवरून नेतात. तिला जोएलेत म्हणतात. घारापुरीला आणि अजिंठ्याला आपले डोलीवाले खांद्यावर माणूस वाहतातच. त्यांच्या हाती अशी एकचाकी दिली तर त्यांचे खांदे वाचतील, रोजगार राहील आणि बसणारा गटाबरोबर बोलत बोलत चालीच्या वेगाने जाईल. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा अंध आहेत आणि स्वतः पॅराग्लायडिंग करतात. त्यांच्या संस्थेने दोघांच्या सायकलवर पुढे डोळस आणि मागे अंध स्वार बसवून लांबचे प्रवास घडवले आहेत. 2021 साली आठ दिव्यांगांचा गट सियाचेन हिमनदीवरच्या कुमार पोस्टपर्यंत, 15,632 फुटांवर, पोहोचला.

हे वाचल्यावर पहिला प्रश्न येतो: काही झालं तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या डोंगरांत दर पावसाळ्यात धडधाकट तरुण घसरून पडतात आणि त्यावर आपण दोर, वाटाडे, नियम असे उपाय शोधतो. गडच बंद करून टाकत नाही. दिव्यांगांच्या बाबतीत मात्र नकार हा पहिलाच उपाय ठरतो. धोका समजून घेऊन तो पत्करायचा की नाही, हे ठरवणं प्रौढ माणसाचा अधिकार आहे. सुरक्षेची तयारी अधिक लागेल, ती करावी. ती करायची नाही म्हणून माणसालाच घरी बसवणं मला अन्यायाचं वाटतं.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर 2022 च्या नोव्हेंबरात वाळूवरून थेट पाण्याजवळ जाणारी लाकडी वाट बांधली. ज्यांनी आयुष्य त्या शहरात काढलं पण लाटेला कधी पाय लागला नव्हता, अशी माणसं तिथे आली. पुढच्याच महिन्यात मंदौस वादळात वाट मोडली. महापालिकेने ती दुरुस्त केली. वाट बांधणं आणि मोडली की पुन्हा बांधणं, दोन्ही कामं त्यांनी आपली मानली. आपल्याला शेकडो किलोमीटरचा किनारा आहे. जुहूला, गणपतीपुळ्याला, अलिबागला अशी कायमची वाट का असू नये?

पैसा नाही, हे उत्तर मी मान्य करणार नाही. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेला आपल्या उत्पन्नातला 5 टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. कुठे तो वस्तुवाटपात जातो, कुठे वर्षअखेरीस तसाच पडून राहतो. खेळासाठी तो मागायचा असतो, हेच बहुतेकांच्या मनात आलेलं नाही. खेळाची व्हीलचेअर, बोच्चाचे चेंडू, तलावात उतरवणारी लिफ्ट, सभागृहाच्या दारातला उतार या सगळ्याची मागणी त्यातून करता येईल.

तुम्ही गावात राहत असाल तर येत्या ग्रामसभेला जा. शहरात असाल तर वॉर्ड कार्यालयात जा. गेल्या वर्षी या 5 टक्क्यांतून खेळावर किती खर्च झाला, हे लेखी विचारा. उत्तर शून्य आलं, तर गावातल्या दिव्यांग मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना बरोबर घेऊन पुढच्या वर्षीची मागणी त्याच सभेत इतिवृत्तात नोंदवून घ्या.