वृत्तपत्र आणि तळे

महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर आपल्यापैकी पुष्कळ विद्यार्थी केव्हा ना केव्हा उभे राहिले असतील. त्या तळ्याच्या पाण्याचा आणि घरोघरी सकाळी येऊन पडणाऱ्या वर्तमानपत्राचा काय संबंध, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील. आमच्या मते हा संबंध फार निकटचा आहे, आणि तोच आज वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

तळ्याचा इतिहास थोडक्यात असा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावेत, असा ठराव रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी मांडला व मुंबईच्या कायदेमंडळाने तो १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. परंतु कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. तीन वर्षे लोटली, तरी ज्यांच्याकरिता ते खुले झाले त्यांच्या ओंजळीत त्यातील एक थेंबही आला नाही. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले व त्यांनी ते पाणी प्राशन केले. खुला दरवाजा आणि आत टाकलेले पाऊल यांत किती अंतर असते, हे त्या दिवशी दिसून आले.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. ही मंडळी आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी आवई गावात उठली. ती सर्वस्वी खोटी होती. तरीही तिच्यामुळे माणसे लाठ्या घेऊन धावली, आणि परिषदेकरिता आलेल्या, भाकरी खात बसलेल्या लोकांना मार खावा लागला. आवईला कर्ता नसतो, तारीख नसते, आणि ती खोटी ठरली म्हणजे तिचा जाब कोणाला विचारावा हेही कळत नाही.

यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. हा केवळ योगायोग नव्हे. महाडास काय घडले, कोणी काय केले, पुढे काय करावयाचे, हे ज्यांच्यावर प्रसंग गुदरला त्यांच्या तोंडून जगाला कळणे अवश्य होते. हाताशी साहाय्यक संपादक नाही, पुरेसे द्रव्य नाही, अशा स्थितीत त्यांना पत्राचे रकानेच्या रकाने एकट्याने लिहून काढावे लागत. १९२९ साली ते पत्र बंद पडले. तथापि पुढल्याच वर्षी ‘जनता’ निघाले, आणि १९५६ साली त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

याच्याही पूर्वी, ३१ जानेवारी १९२० रोजी, त्यांनी ‘मूकनायक’ काढला होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याकामी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. त्या वेळी मराठीत वृत्तपत्रांची वाण नव्हती. परंतु ‘मूकनायका’ची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. ‘केसरी’ मराठीच होता, आणि ज्यांची जाहिरात नाकारली गेली त्यांचीही मातृभाषा मराठीच होती. तेव्हा केवळ भाषा एक असल्याने वृत्तपत्र सर्वांचे होत नाही. तळे गावात असूनही जसे साऱ्या गावाचे नव्हते, तद्वत् हेही होय.

महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर यांनी हे मर्म पुष्कळ आधी ओळखले होते. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी हाती घेतली व ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून लेख लिहिले. ‘दीनबंधु’ हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यास काढले होते. म्हणजे चवदार तळ्यावर पाऊल पडण्याच्या कितीतरी वर्षे आधी या तालुक्यातील एका पुत्राने वृत्तपत्राच्या पाणवठ्यावर पाऊल टाकले होते. ही गोष्ट येथील विद्यार्थ्यांनी अभिमानाने स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

आता दृष्टी थोडी दूर टाकू. देशी भाषांतील वृत्तपत्रांचा आरंभ बंगाल्यात लवकर झाला. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१८ साली ‘समाचार दर्पण’ हे बंगाली पत्र काढले. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, आणि अहमदनगरास अमेरिकन मिशनचा ‘ज्ञानोदय’ १८४२ साली सुरू झाला. पुढे बंगाली माणूस सातासमुद्रापलीकडे गेला, तेव्हा वृत्तपत्रही त्याच्यामागोमाग गेले. लंडनमध्ये १९६९ साली ‘जनमत’ हे बंगाली साप्ताहिक निघाले, आणि दोनच वर्षांनी बांगलादेशाचा मुक्तिसंग्राम पेटला तेव्हा तेथील बंगाली लोकांस मायदेशाची वार्ता कळण्याचे ते एक मोठे साधन झाले.

मराठी माणसानेही हेच केले आहे. बेळगावात बाबुराव ठाकुरांनी १९१९ साली ‘तरुण भारत’ काढला, आणि सीमेवरील मराठीस त्याचा आधार झाला. आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल लोक इस्राएलास गेले. तेथेही त्यांच्यातील काहींनी ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक काढले. उत्तर अमेरिकेत १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, आणि त्याच्या वृत्तपत्रिकेने दूरदूरच्या मराठी कुटुंबांस एकमेकांची खबर दिली. माणूस घर सोडतो तेव्हा त्याच्या बोचक्यात भाषा असतेच. परंतु तिच्यातून रोजची वार्ता मिळेनाशी झाली, की ती भाषा देव्हाऱ्यातील मूर्तीप्रमाणे केवळ सणावारी बाहेर निघते.

महाड-पोलादपूरच्या खेड्यांना ही गोष्ट परकी नाही. येथील किती घरांतील कर्ता पुरुष पिढ्यान्पिढ्या मुंबईस राहत आला! त्याचा जीव गावच्या वार्तेकडे लागलेला असतो. २२ जुलै १९२१ नव्हे, तर अगदी अलीकडे, २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली गेले आणि तळिये गावावर दरड कोसळली. त्या वेळी वीज गेली, दूरध्वनी मुके झाले, आणि दूरच्या आप्तांना घरची खबर कळेना. खरी वार्ता ही अन्नपाण्याइतकीच निकडीची वस्तू आहे, हे त्या प्रसंगी अनेकांना उमगले असेल.

कोणी म्हणतील, “आता हातातल्या मोबाइलवर क्षणात सारे कळते, वृत्तपत्राची काय मातब्बरी?” हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. वार्ता जलद पोहोचते हे खरे, आणि छापील पत्रेही चुका करतात हेही खरे. परंतु १९२७ सालची ती आवई ज्या वेगाने गावभर फिरली, त्याहून शतपट वेगाने आज आवई फिरते. वृत्तपत्रावर संपादकाचे नाव असते, तारीख असते. चूक झाल्यास त्याला जाब विचारता येतो, व दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावयास लावता येते. वाचक जागरूक असेल तरच हे घडते, हे मात्र विसरू नये. ज्या तळ्याचा गाळ कोणी काढीत नाही, त्याचे पाणी चवदार राहत नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, आपणास तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. रोज एक मराठी वृत्तपत्र वाचा, आणि घरातील ज्या वडीलधाऱ्यांस अक्षरओळख नाही त्यांस ते मोठ्याने वाचून दाखवा. दुसरे, वार्ता वाचताना एवढे विचारा की, हे कोणी सांगितले, आणि ज्याच्याविषयी सांगितले त्याला बोलू दिले काय? तिसरे व सर्वांत महत्त्वाचे, स्वतः लिहा. आपल्या वाडीतील विहीर आटली, रस्ता खचला, शाळेत शिक्षक नाही, तर संपादकास चार ओळींचे पत्र धाडा. आपण लिहिले नाही, तर आपल्याविषयी दुसरेच कोणी लिहितील.

पालकवर्गासही एक विनंती आहे. मुलाने इंग्रजीत प्रावीण्य मिळवावे, ही आपली इच्छा रास्तच आहे. डॉ. आंबेडकरांइतके इंग्रजी प्रभुत्व किती जणांस साधले? परंतु आपल्या माणसांशी बोलावयाचे ठरले तेव्हा त्यांनी पत्र काढले ते मराठीत. मुलास दोन्ही भाषा येऊ द्याव्या. एकीने तो जगाला ओळखील, आणि दुसरीने जग त्याच्या गावाला ओळखील.

चवदार तळ्याचा लढा न्यायालयात १९३७ सालापर्यंत चालला आणि अखेर तळे खुले झाले. वृत्तपत्राच्या तळ्यावर आज कोणाचा पहारा नाही. आता ओंजळ पुढे करणे एवढेच आपल्या हाती उरले आहे.